मराठी बायबल असतानाही पंडिता रमाबाईंनी नवा अनुवाद का केला?

डिजिटल डेस्क, छत्रपती संभाजीनगर : पंडिता रमाबाई म्हटलं की शाळेच्या पुस्तकातलं शारदा सदन आठवतं. पण त्यांच्या आयुष्याची अखेरची दीड दशकांहून अधिक वर्षं वेगळ्याच कामात गेली. मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल मराठीत आणायचं! मराठी बायबल तेव्हा छापील मिळत होतं. मग हा खटाटोप कशासाठी?

उत्तर त्यांच्या लहानपणापासून सापडत जातं. जन्म २३ एप्रिल १८५८, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं आणि पंडितांचा रोष ओढवून घेतला. रमाबाईंना संस्कृत आलं ते या आईकडून. दुष्काळात आई-वडील आणि मोठी बहीण गेली. भाऊ श्रीनिवाससोबत देशभर पायपीट करत त्या १८७८ मध्ये कोलकात्यात पोहोचल्या आणि तिथे पंडिता ठरल्या. शास्त्रात बाईबद्दल काय लिहिलंय, हे त्यांनी दुसऱ्याला न विचारता स्वतः वाचलं.

१८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, १८८२ मध्ये वैधव्य, पदरी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथेही वडीलधाऱ्यांचं मुकाट ऐकणं जमलं नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, इथपर्यंत वाद झाले.

पत्रं कुणाची, कुणासाठी?

नव्या करारात पौलाची पत्रं आहेत. त्यातली प्रमुख पत्रं इसवी सन ५० ते ६० च्या आसपासची, करिंथसारख्या शहरांतल्या छोट्या मंडळ्यांना लिहिलेली. ती वाचणं म्हणजे व्हॉट्सॲपवर एकाच बाजूचे मेसेज वाचण्यासारखं. समोरच्याने काय विचारलं होतं, ते आपण ताडायचं. भाषा विद्वानांची नाही, बाजारात चालणारी ग्रीक. साधारण त्याच काळातल्या, त्याच धाटणीच्या ग्रीकमध्ये एका व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हे सागरी प्रवासाचं टिपण लिहिलं. त्यात आपलं पैठण आहे, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर!

करिंथकरांना पौल सांगतो, की बाईने प्रार्थना करताना डोकं झाकावं. उघडं डोकं मुंडन केल्याइतकंच लाजिरवाणं. त्या काळच्या रोमन शहरांत डोक्यावरचा पदर ही प्रतिष्ठित विवाहितेची खूण होती. हा संदर्भ काढून टाका आणि तेच वाक्य केशवपन झालेल्या विधवेपुढे ठेवा. आधीच लाज तिच्या माथी मारलेली, त्यात आता धर्मग्रंथाचीही भर. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं ते मुख्यतः अशाच बालविधवांसाठी. याच पत्रात पुढे बायकांनी मंडळीत गप्प राहावं असंही आहे, आणि आधी त्या मोठ्याने प्रार्थना करतात हे गृहीत धरलंय. अशा ठिकाणी अनुवादकाचा एकेक शब्द जड जातो.

केडगावचा छापखाना

मुक्ती मिशन दौंडजवळच्या केडगावात उभं राहिलं. (पुण्याला जाताना अहिल्यानगरला लागतं ते केडगाव वेगळं.) १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो बायका-मुली तिथे आणल्या. प्रचलित मराठी बायबल त्यांच्यासाठी फार संस्कृतप्रचुर होतं. रमाबाईंचा दुसरा आक्षेप अधिक खोल होता. वेदान्तातून आलेले शब्द आपला जुना अर्थ सोबत आणतात, आणि मूळ लेखकाला जे म्हणायचंच नव्हतं ते वाचकाच्या गळी उतरतं. संस्कृत तोंडपाठ असलेल्या बाईलाच हे दिसू शकलं.

म्हणून १९०५ च्या सुमारास, सत्तेचाळिशीत, त्यांनी काम हाती घेतलं. मिशनमधल्या बायकाच खिळे जुळवत, छापत, पुस्तकं बांधत.

अनुवाद निर्दोष नाही. तो मूळ शब्दाला इतका चिकटतो की काही ठिकाणी मराठी अवघडते. शिवाय भाषेतून जुने शब्द गाळले तरी वाचकाच्या मनातले अर्थ जात नाहीत. त्याच काळात रेव्हरंड ना. वा. टिळक अभंगाच्या वाटेने ख्रिस्त गात होते, तेही मराठीच होतं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. लेकीमागे रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल बाहेर पडलं १९२४ मध्ये. चर्चमध्ये मात्र पुढेही बायबल सोसायटीचीच प्रत वाचली जात राहिली.