पंडिता रमाबाई : सांथीच्या काळांतील एक आई

पंडिता रमाबाईंची विद्वत्ता व केडगांवचें मुक्तिसदन यांविषयीं विद्यार्थ्यांनीं पुस्तकांतून वाचलेंच असेल. आम्ही येथें त्यांच्या चरित्राची एकच बाजू सांगणार आहोंत : एकटी आई या नात्यानें त्यांनीं दुष्काळ, पटकी व प्लेग यांस कसें तोंड दिलें ती.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. आईवडील व थोरली बहीण दुष्काळाच्या दिवसांत अन्नान्न करीत गेलीं. १८८० सालीं बंधु श्रीनिवासशास्त्रीही वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं त्यांचा विवाह झाला. १८८१ सालीं मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पतीस नेलें. संसार दोन वर्षांचाही झाला नाहीं. त्या काळीं नवऱ्याच्या मृत्यूचा दोष बायकोच्या पायगुणावर ठेवीत. म्हणजे दुःखावर पुन्हां घाव.

तान्ह्या मुलीस घेऊन त्या पुण्यास आल्या व त्यांनीं आर्य महिला समाज काढला. पुढें इंग्लंडांत मायलेकींनीं ख्रिस्ती दीक्षा घेतली. अमेरिकेहून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. आमच्या मतें सदनाचें मोल केवळ अक्षरओळखींत नव्हतें. जिचें तोंड पाहणें घरीं अशुभ मानीत, तिला तेथें सोबतीणी मिळाल्या. मनांतलें बोलावयास माणूस मिळालें. औषधाइतकीच ही गरज असते.

१८९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ व पुण्यांत प्लेग. भूक स्वतः सोसलेल्या रमाबाई तिकडे जाऊन शेंकडों मुली घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगच्या निर्बंधांमुळें त्यांस ठेवतां येईना, तेव्हां केडगांवच्या शेतांत त्यांची सोय केली. त्याच सुमारास सदनांतील एका मुलीस प्लेगच्या इस्पितळांत नेलें होतें. तेथें स्त्रियांची होणारी आबाळ रमाबाईंनीं वर्तमानपत्रांतून उघड केली. विलायतेच्या पार्लमेंटांत त्यावर प्रश्न निघाला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं त्यांचें म्हणणें अमान्य केलें. सरकारास असें ऐकविणारी ती एकटी विधवा होती, हें ध्यानांत घ्यावें.

मनोरमाबाई मोठ्या होऊन आईच्या कामांत शिरल्या. १९१२ सालीं गुलबर्ग्यास मुलींची शाळा निघाली. नांदेड व लातूर ज्या निजामी संस्थानांत होतीं, त्यांतच गुलबर्गाही होतें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. नऊ महिने पुरे होण्याच्या आंतच, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाईंचाही अंत झाला.