रेव्हरंड ना. वा. टिळक : सेवा, संन्यास आणि नम्रतेची साधना

लोकसेवा आणि अकिंचनत्व यांचा विचार निघाला की वऱ्हाडातील वाचकाला वलगावचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे येत असताना याच गावाजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनी देह ठेवला. भक्तीची कसोटी सेवेत आणि सेवेची कसोटी नम्रतेत पाहण्याची ही दृष्टी मराठी मनाला संतपरंपरेने दिली. हीच दृष्टी ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने आपल्या आयुष्यात उतरविण्याचा प्रयत्न एका मराठी कवीने गाडगेबाबांच्या निर्वाणापूर्वी सुमारे चार दशके केला होता. हा कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. ‘फुलामुलांचे कवी’ या बिरुदामुळे त्यांच्या काव्याची एक बाजू सर्वपरिचित झाली, परंतु त्या बिरुदाने त्यांच्या जीवनातील संघर्ष बराचसा झाकूनही टाकला. नम्रता हा टिळकांचा जन्मजात स्वभाव नव्हता. ती त्यांनी आयुष्यभर केलेली साधना होती आणि तिचे मोल त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नीलाही द्यावे लागले. हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या चरित्राचा आणि भक्तिकाव्याचा अर्थ पुरतेपणी उलगडत नाही.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव हे करड्या शिस्तीचे, तर आई जानकीबाई भाविक आणि काव्याची ओढ असलेल्या. वडिलांचा धाक आणि आईचा जिव्हाळा या दोन टोकांत त्यांचे बालपण गेले. आई लवकर वारली. त्यानंतर नारायणाने घर सोडले आणि तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृतचे अध्ययन केले व काही काळ इंग्रजी शिक्षणही घेतले. आश्रयाशिवाय जगण्याची सवय आणि एका जागी स्थिर न होण्याची वृत्ती, हे दोन्ही याच काळाचे देणे होय.

नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका ही अकरा वर्षांची मुलगी 1880 मध्ये त्यांची पत्नी झाली. पुढे मराठी वाङ्मयात अजरामर झालेल्या लक्ष्मीबाई टिळक त्या ह्याच. विवाहानंतरची अनेक वर्षे टिळकांनी एका गावाहून दुसऱ्या गावी, एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत घालविली. मनात आले की निघावे, हातात पैसा आला की देऊन टाकावा आणि राग आला की तो आवरू नये, असा त्यांचा स्वभाव होता. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा स्वभाव विलक्षण निर्लेपपणे आला आहे. उदार, विसराळू, प्रेमळ आणि तापट असे तेथील टिळक पाहिले म्हणजे त्यांच्या उत्तरायुष्यातील नम्रतेला किती अंतर कापावे लागले याची कल्पना येते.

टिळकांच्या जीवनाला कलाटणी मिळाली ती विदर्भाच्या भूमीवर. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत असतानाच ते ‘ऋषी’ हे धर्मचर्चेला वाहिलेले मासिकही चालवीत होते. जातिभेदाविषयी त्यांच्या मनात तोवर तीव्र असमाधान निर्माण झाले होते आणि राष्ट्राच्या उत्थानासाठी धर्मविचाराची पुनर्मांडणी झाली पाहिजे, असे त्यांना वाटू लागले होते. पुढे नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्याने दिलेला ‘नवा करार’ टिळकांनी प्रथम केवळ वचन पाळण्यासाठी वाचावयास घेतला. मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी ते थबकले. धर्मशास्त्रातील जे प्रश्न त्यांना छळत होते त्यांची उत्तरे तेथे सिद्धान्ताच्या रूपाने आली नव्हती. दीनांना, शोकग्रस्तांना आणि सौम्यांना धन्य मानणारी एक जीवनदृष्टी मात्र तेथे होती. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाने त्यांचे घर मोडले. पत्नीला पूर्वसूचना न देता घेतलेल्या या निर्णयानंतर लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे लहानग्या देवदत्तासह आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. ज्या प्रीतीच्या धर्माने टिळक आकृष्ट झाले त्याच धर्माच्या स्वीकाराने त्यांच्या सर्वांत निकटच्या व्यक्तीवर वियोग आणि सामाजिक अवहेलना लादली, हा विरोधाभास त्यांच्या चरित्रकाराला टाळता येत नाही. लक्ष्मीबाई पुढे पतीकडे परतल्या त्या स्वधर्म कायम ठेवून. आरंभी त्यांचे सोवळे, स्वतंत्र स्वयंपाक आणि पाण्याविषयीचे निर्बंध कायम होते. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जातिभेद माणसानेच निर्माण केला आहे, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने आल्या आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराच्या वेळी उतावळेपणाने वागलेला हाच पुरुष पत्नीच्या बाबतीत थांबावयास शिकला. टिळकांच्या नम्रतेचा पहिला खरा धडा येथे दिसतो.

अहमदनगर हे त्यानंतर त्यांचे कार्यक्षेत्र झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षण संस्थेत ते अध्यापन करीत. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार आणि मांग समाजांतून आलेला होता. संस्कृत विद्येचा अभिमान बाळगू शकेल अशा पंडिताने या समाजात वावरणे, त्यांच्या मुलांना शिकविणे, त्यांच्यासाठी सोप्या चालींची पदे रचणे ही केवळ परोपकाराची गोष्ट नव्हती. स्वतःची भाषा आणि स्वतःचा अधिकार या दोहोंना मुरड घातल्याशिवाय हे काम होणे शक्य नव्हते. टिळकांच्या घरी निराधार मुलांची सदैव वर्दळ असे. संसाराची ओढाताण होत असतानाही आलेल्याला परत पाठवावयाचे नाही, हा नियम लक्ष्मीबाईंच्या कष्टांवर चालला. त्र्यंबक बापूजी ठोमरे म्हणजेच बालकवी यांनाही या घराने काही काळ आपले मानले होते.

ख्रिस्ती उपासनेला मराठी रूप देणे हे टिळकांचे वाङ्मयीन कार्य त्यांच्या सेवेपासून वेगळे काढता येत नाही. पाश्चात्त्य चालींवर बेतलेली भाषांतरित गीते श्रद्धावानांच्या ओठांवर येत, पण अंतःकरणात रुजत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी अभंग, पदे आणि कीर्तन यांचा आश्रय घेतला. ‘उपासनासंगीत’मधील त्यांची अनेक गीते मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेचा भाग झाली. ‘अभंगांजली’तील रचनांवर तुकोबांचा संस्कार स्पष्ट आहे. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची स्वतःची भावना होती. संतांच्या अभंगातील आर्तता, स्वतःच्या उणिवांची कबुली आणि देवाशी असलेली सलगी त्यांनी ख्रिस्तभक्तीत आणली. ‘केवढे हे क्रौर्य’, ‘वनवासी फूल’ यांसारख्या कवितांतील जीवमात्राविषयीचा कळवळा आणि या अभंगांतील शरणता यांचा उगम एकच आहे. आपल्याहून दुर्बळ असलेल्या जीवापुढे वाकण्याची वृत्ती हा तो उगम होय.

1912 पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादकपदही त्यांच्याकडे होते. प्रतिष्ठा, वेतन आणि वाचकवर्ग हे सारे लाभले असताना त्यांच्या मनात एक अस्वस्थता वाढत होती. परदेशी मिशनचा वेतनभोगी सेवक राहून आपल्या देशबांधवांपुढे ख्रिस्ताविषयी बोलणे त्यांना अपुरे वाटू लागले. सेवेला वेतनाचे आणि पदाचे कुंपण पडले की ऐकणाऱ्याच्या मनात संशय राहतो आणि बोलणाऱ्याच्या मनात अहंकार, याची त्यांना जाणीव झाली. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासाचा मार्ग पत्करला. साताऱ्यास राहून त्यांनी ‘देवाचा दरबार’ या कल्पनेला आकार देण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी ज्यात बंधुभावाने एकत्र येतील, असा हा मेळा त्यांना अभिप्रेत होता. मंडळीची चौकट पवित्र मानणाऱ्या पाळकाने त्या चौकटीबाहेरच्या माणसालाही समान आसन देऊ करणे, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. धर्मांतरितांची संख्या हे सेवेचे माप मानण्याचे त्यांनी नाकारले, असाच याचा अर्थ होतो.

हा दरबार बाळसे धरण्यापूर्वीच 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांपाशीच थांबले होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. ज्यांना धर्मांतराच्या वेळी विचारलेही गेले नव्हते त्यांनीच ख्रिस्तचरित्राचे बहुतांश अध्याय रचले. 1936 मध्ये लक्ष्मीबाईंचेही निधन झाले आणि 1938 मध्ये हे काव्य प्रसिद्ध झाले. टिळकांच्या जीवनाचे याहून मार्मिक भाष्य दुसरे नाही. ज्या सेवेचे श्रेय कवीला मिळाले तिचा भार उचलणाऱ्या स्त्रीचे नाव अखेर त्याच ग्रंथावर त्याच्या नावाशेजारी आले.

टिळक आणि गाडगेबाबा यांच्या भूमिकांत अर्थातच मोठे अंतर आहे. एकाने शास्त्र, काव्य आणि धर्मचिंतन यांतून वाट काढली, तर दुसऱ्याने 1905 मध्ये घर सोडल्यापासून खराटा आणि कीर्तन यांवर आपले कार्य उभारले. एकाला उच्चवर्णाचा अभिमान टाकावा लागला. दुसऱ्याचा जन्म परीट समाजातला. त्याला तो ओझ्यासारखा वाहावाच लागला नाही. तरीही दोघांच्या जीवनांत एक साम्य आढळते. श्रद्धेच्या नावाने मिळणारा अधिकार नाकारल्यावरच सेवा निर्मळ होते, हे दोघांनीही आपापल्या परीने जाणले होते. टिळकांना ही जाणीव उशिरा आली आणि ती आचरणात आणावयास त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. त्यांच्या चरित्राचे मोल मात्र त्या दोन वर्षांपुरते नाही. तापट, मानी आणि अस्थिर माणूस प्रयत्नाने कोठवर वाकू शकतो आणि त्या वाकण्याची किंमत घरातील कोणाला मोजावी लागते, या दोन्ही प्रश्नांची प्रामाणिक नोंद त्यांचे काव्य आणि लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र यांत मिळून झाली आहे. म्हणूनच टिळकांच्या भक्तिकवितेचा अभ्यास ‘स्मृतिचित्रे’ बाजूला ठेवून करता येणार नाही.