विरळ हवेचा शोधक पॉल बेर

उंच पर्वतावर चढणाऱ्या मनुष्यास धाप कां लागते, त्याचें डोकें कां दुखतें, त्याची भूक कां मंदावते व दिवसेंदिवस तो कृश कां होत जातो, हीं कोडीं विद्वानांस पुष्कळ काळ सुटलीं नव्हतीं. कोणी थंडीस दोष देत, कोणी श्रमांस, तर कोणी हवेच्या कमी झालेल्या दाबास. पर्वतावर हीं सारीं कारणें एकत्रच भेटतात. म्हणून त्यांतील खरें कोणतें हें तेथें ठरवितां येईना. तें ज्यानें प्रयोगशाळेंत निवडून काढलें, त्या पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें असें आहे.

पॉल बेर याचा जन्म १७ ऑक्टोबर १८३३ रोजीं फ्रान्समधील ओसेर या गांवीं झाला. प्रथम त्यानें कायद्याचा अभ्यास केला. परंतु त्याचें मन रमलें तें प्राण्यांच्या शरीरव्यापारांच्या शास्त्रांत. क्लोद बेर्नार या थोर आचार्याजवळ शिकून तो १८६९ मध्यें पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठांत प्राध्यापक झाला. मेक्सिकोच्या उंच प्रदेशांत वैद्यकी केलेल्या डॉक्टर जुर्दाने यानें द्रव्यसाहाय्य केलें, व त्यांतून लोखंडी पत्र्याच्या मोठ्या बंद कोठड्या तयार झाल्या. पंपानें आंतील हवा काढीत गेलें म्हणजे पॅरिसमध्यें बसल्या जागींच मनुष्यास गगनचुंबी शिखरावरील हवेचा अनुभव येई. तेथें ना बर्फ, ना चढण. विरळ हवा तेवढी होती.

पक्ष्यांवर व इतर प्राण्यांवर प्रयोग केल्यानंतर १८७४ मध्यें बेर स्वतःच त्या कोठडींत बसला. हवा विरळ होतांच त्याला मळमळूं लागलें व बुद्धि जड झाली. वीस सेकंदांत मोजलेल्या नाडीच्या ठोक्यांस तीननें गुणणें एवढेंही त्या प्राध्यापकास साधेना! परंतु प्राणवायु हुंगतांच सर्व विकार पळाले. यावरून त्यानें सिद्धान्त काढला कीं, पर्वतावरील व्याधीचें मूळ हवेच्या दाबांत नसून श्वासाबरोबर मिळणाऱ्या प्राणवायूच्या न्यूनतेंत आहे.

या ज्ञानाची कसोटी लवकरच भयंकर रीतीनें लागली. सिव्हेल व क्रोसे-स्पिनेल्ली हे दोघे साहसी पुरुष बेरच्या कोठडींत शिकून तयार झाले होते. १५ एप्रिल १८७५ रोजीं ते तिसांदिये या तिसऱ्या सोबत्यासह 'झेनिथ' नांवाच्या बलूनांतून आकाशांत चढले. बरोबर घेतलेला प्राणवायु पुरणार नाहीं, असें बेरनें पत्रानें कळविलें होतें. पण तें पत्र वेळेवर पोंचलें नाहीं. ८,००० मीटरांहून अधिक उंचीवर तिघेही बेशुद्ध झाले. बलून खालीं आलें तेव्हां एकटा तिसांदिये जिवंत होता. प्राणवायूची उणीव मनुष्यास सावध करीत नाहीं. हात उचलण्याची शक्ति हरपते, तरी मन मात्र समाधानांत असतें. हाच तिचा मोठा धोका होय.

१८७८ मध्यें बेरनें आपले प्रयोग हजारांहून अधिक पृष्ठांच्या ग्रंथांत प्रसिद्ध केले. पुढें तो फ्रान्सचा शिक्षणमंत्री झाला व मुलांसाठीं त्यानें शास्त्राचीं सोपीं पुस्तकें लिहिलीं. १८८६ मध्यें तो फ्रेंच सरकारचा प्रतिनिधि म्हणून हिंदी-चीनकडे गेला व त्याच वर्षीं ११ नोव्हेंबर रोजीं हनोई येथें अतिसारानें मरण पावला. त्या वेळीं त्याचें वय अवघें ५३ वर्षांचें होतें.

परंतु त्याची कोठडी त्याच्यामागें काम करीत राहिली. गिर्यारोहक कृश होतात ते थंडीनें, श्रमानें कीं निकृष्ट अन्नानें, हा प्रश्न अद्याप उरला होता. १९८५ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत आठ निरोगी पुरुषांस ४० दिवस अशाच कोठडींत ठेवून, हवा क्रमाक्रमानें एव्हरेस्टच्या माथ्याइतकी विरळ करण्यांत आली. आंत ऊब होती, अन्नही रुचकर व मुबलक होतें. तरीही त्यांचा आहार जवळजवळ निम्म्यावर आला, आणि ज्या सहा जणांनीं प्रयोग शेवटास नेला त्यांचें वजन सरासरीनें सुमारें साडेसात किलो घटलें. त्यांत चरबीचा भाग थोडा व मांसाचा अधिक होता. म्हणजे भूक मारून देह झिजविण्यास एकटी विरळ हवाही समर्थ आहे. आणि ती झीज बळाची हानि आहे, आरोग्याची प्राप्ति नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, दहा कारणें एकत्र दिसत असतां एकेक वेगळें करून पाहण्याचा जो धीर, तोच या पुरुषाचा खरा ठेवा होय. आज पर्वताच्या पायथ्याशीं प्राणवायूची नळकांडी भरून घेणारा गिर्यारोहक त्याचें नांव जाणत नसेलही; पण त्याचा श्वास मात्र त्या लोखंडी कोठडीचा ऋणी आहे.