विश्लेषण : स्वतःला लस टोचून घेणारे हाफकिन, मुल्कोवालची एक बाटली… घटसर्पाच्या राहून गेलेल्या डोसशी त्यांचा संबंध काय?

बाळ दीड महिन्याचे झाले की लस द्यायची, हे अंबरनाथच्या बुवापाड्यापासून उल्हासनगरच्या कॅम्पांपर्यंत बहुतेक घरांत ठाऊक असते. पण तेच मूल दहा वर्षांचे आणि पुढे सोळा वर्षांचे झाले की त्याला पुन्हा टोचायचे असते, हे किती पालकांच्या लक्षात राहते? घटसर्प याच फटीतून आत शिरतो. लोकांचा लशीवर विश्वास कसा बसतो आणि तो एका दिवसात कसा उडतो, हे मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने अनुभवले. परळच्या संस्थेवर आज त्याचे नाव आहे. त्या वाल्डेमार हाफकिन यांचे आयुष्य आणि घटसर्पाच्या लशीचा हिशेब, दोन्ही समजून घेऊ.

घटसर्प म्हणजे नेमके काय?

घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. गोठ्यात गाय-म्हैस असलेल्यांना हा शब्द जनावरांच्या रोगासाठीही माहीत असतो, पण तो रोग वेगळा, त्याचा जिवाणूही वेगळा. माणसांतला घटसर्प खोकला-शिंकेतून पसरतो. संसर्गानंतर साधारण दोन ते पाच दिवसांत ताप येतो, घसा दुखतो, गिळायला त्रास होतो. मग घशात, टॉन्सिलवर राखाडी रंगाचा जाडसर पापुद्रा धरतो. तो खरवडला तर रक्त येते. काही रुग्णांची मान दोन्ही बाजूंनी सुजते. पापुद्रा वाढत जाऊन श्वास कोंडू शकतो.

पण घसा हा आजाराचा अर्धाच भाग. जिवाणू घशातच बसून एक विष तयार करतो. ते रक्तातून हृदयाच्या स्नायूंपर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत जाते. घसा बरा वाटू लागल्यावर एक-दोन आठवड्यांनी हृदय दगा देते, असेही होते. म्हणून उपचारात दोन गोष्टी लागतात. जिवाणू मारण्यासाठी प्रतिजैविक आणि विष निष्प्रभ करण्यासाठी प्रतिविष. सर्पदंशावरच्या इंजेक्शनाप्रमाणे हे प्रतिविषही घोड्यांच्या रक्तद्रवापासून करतात. रक्तात फिरणाऱ्या विषावर ते चालते, पेशींत शिरलेल्या विषावर नाही. त्यामुळे उशीर झाला की त्याचा उपयोग कमी होतो. उपचार मिळूनही शंभरातले पाच ते दहा रुग्ण दगावू शकतात.

हाफकिन कोण होते?

जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू, परिस्थिती बेताची. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉफ हे शिक्षक भेटले. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हे दाखवणारे ते हेच. शहरात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा तरुण हाफकिन स्वसंरक्षणाच्या गटात उतरले, जखमी झाले, अटकही झाली. मेचनिकॉफ यांनी शब्द टाकला म्हणून सुटका झाली. पुढे विद्यापीठातल्या बढतीसाठी ख्रिस्ती व्हावे लागेल, अशी वेळ आली. ते त्यांनी नाकारले आणि तिथली कारकीर्द थांबली.

१८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला. पाश्चर संस्थेत मोकळी जागा होती ती ग्रंथालयातली. प्राणिशास्त्रात संशोधन केलेल्या माणसाने तीही घेतली. त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. भारतातील ब्रिटिश वैद्यकीय अधिकाऱ्यांशी पुढे त्यांचे जे खटके उडाले, त्यात ही गोष्टही होती.

घटसर्पाच्या संशोधनाशी त्यांचा संबंध कसा आला?

हाफकिन पॅरिसला पोहोचण्याच्या वर्षभर आधी, १८८८ मध्ये, एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन या जोडीने याच संस्थेत दाखवून दिले होते की घटसर्पात माणूस मरतो तो जिवाणूने सोडलेल्या विषामुळे. १८९० मध्ये येर्सिन संस्था सोडून पूर्वेकडे निघाले आणि रू यांचे सहायक म्हणून त्यांच्या जागी हाफकिन आले. त्याच वर्षाअखेर बर्लिनमध्ये एमिल बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी घटसर्प आणि धनुर्वात या दोन्ही रोगांच्या विषांवर प्रतिविष तयार होते, हे सिद्ध केले. बेरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल मिळाले ते याच कामासाठी. घटसर्प आणि धनुर्वात यांची नावे तेव्हापासून जोडीने येतात. पुढे हाफकिन यांच्या आयुष्यातही धनुर्वात येतो, पण तो वैरी होऊन.

हाफकिन यांनी स्वतः हाती घेतला तो कॉलरा. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी आपली कॉलऱ्याची लस आधी स्वतःला टोचून घेतली. युरोपात मोठी चाचणी घ्यायला कोणी तयार नव्हते. १८९३ मध्ये ते कोलकात्यात उतरले आणि तिथल्या बस्त्यांपासून उत्तर भारतातील छावण्यांपर्यंत टोचत फिरले. लस घेणे त्यांनी ऐच्छिक ठेवले होते. मलेरियाने खंगून मध्ये परत जावे लागले, पण ते पुन्हा आले.

मुंबईत काय घडले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना मुंबईला बोलावण्यात आले. प्रयोगशाळा म्हणून मिळाला ग्रँट मेडिकल कॉलेजमधला एक कॉरिडॉर, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जिवाणू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो शोधणाऱ्यांत येर्सिन आणि कितासातो, म्हणजे घटसर्पाच्या संशोधनातलीच दोन नावे होती.

हाफकिन यांनी तो जिवाणू रश्श्यात वाढवला. रश्श्यावर तुपाचा तवंग सोडला की जिवाणू त्याला धरून खाली लोंबत वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आले. हिंदू-मुसलमान कोणालाही लस घ्यायला अडचण वाटू नये म्हणून रस्सा गोमांसाचा किंवा डुकराच्या मांसाचा न ठेवता बोकडाच्या मांसाचा केला. वाढलेले जिवाणू उष्णतेने मारायचे, ही झाली लस. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. मात्रा पुढे लोकांना दिली त्याच्या कितीतरी पट होती. ताप आला, वेदना झाल्या, पण ते उठले आणि कामाला लागले. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देऊन, न घेतलेल्यांशी तुलना करण्यात आली. लस घेतलेल्यांमध्ये आजार स्पष्टपणे कमी होता.

लोक तरीही बिचकतच होते, आणि त्याला कारण होते. सरकारी माणसे घरात घुसून रुग्ण उचलून नेत, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून तपासत. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला होता. मुंबईहून कल्याण-अंबरनाथवरून जाणाऱ्या लोहमार्गाने साथ पुण्याला पोहोचली. तिथे प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, आणि जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. सुईवरचा राग बराचसा सुई आणणाऱ्या राज्यकर्त्यांवरचा होता. आगाखान यांनी स्वतः लस घेतली, प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली, तेव्हा त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली आणि तिथून देशभर बाटल्या जाऊ लागल्या.

मुल्कोवालची ती बाटली

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुल्कोवाल गावात (आज हा भाग पाकिस्तानात आहे) १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यातील एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला. १९ च्या १९ दगावले.

चौकशीचा रोख परळकडे वळला. मागणी वाढल्याने लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी तिच्यात कार्बोलिक आम्ल घालणे थांबवून केवळ उष्णतेवर भर दिला होता. पाश्चर संस्थेत ही पद्धत चालत होती, पण आयोगाने तिच्यावरच बोट ठेवले. हाफकिन पदावरून बाजूला झाले, भारत सोडून गेले आणि स्वतःची बाजू मांडत राहिले. पुराव्यात मात्र दुसरीच गोष्ट होती. बाटली मुंबईत भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जिवाणू इतके दिवस आत वाढले असते तर उघडताना उग्र वास आला असता, तो आला नव्हता. उलट, गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढायला वापरला गेला होता. धनुर्वाताचे जिवाणू मातीत असतात.

ही बाब जगासमोर यायला पाच वर्षे गेली. मलेरियावरील नोबेल विजेते रोनाल्ड रॉस यांच्यासह १० शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये हाफकिन यांच्या बाजूने पत्र लिहिले, ब्रिटिश संसदेतही विषय निघाला आणि नोव्हेंबरमध्ये ते आरोपातून मोकळे झाले. परळची खुर्ची मात्र परत मिळाली नाही. कोलकात्यात जागा मिळाली, तीही नव्या चाचण्यांची मुभा न देता. ज्या माणसाने प्रत्येक लस आधी स्वतःच्या अंगावर पारखली त्याच्याशी हे वागणे कोतेपणाचेच होते. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते.

मुल्कोवालमध्ये एकाच बाटलीतून अनेकांना टोचले होते. आजही अनेक डोसांची बाटली असते, पण बूच काढावे लागत नाही, सुई रबरी झाकणातून आत जाते. सरकारी लसीकरणातील सिरिंज एकदा वापरली की अडकते, पुन्हा भरताच येत नाही. बाटलीवर एक छोटा चौकोन असतो, लशीला जास्त उष्णता लागली की त्याचा रंग बदलतो. परिचारिकेने बाटली आधी डोळ्यांसमोर धरून पाहिली तर ती हेच तपासत असते.

मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी पुन्हा का टोचायचे?

हाफकिन यांची प्लेगची लस काही महिनेच टिकत असे आणि ती पुन्हा घ्यावी लागे. घटसर्पाची लस खूप जास्त टिकते, पण जन्मभर नाही. या लशीत जिवाणू नसतोच, असते ते त्याचे निर्विष केलेले विष. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि वर्षे जातात तशी ती उतरतात. एवढेच नव्हे, घटसर्प होऊन गेलेल्यालाही पुरेशी प्रतिकारशक्ती येईलच असे नसते. त्यामुळे बऱ्या झालेल्या रुग्णालाही लस देतात.

डोस राहिले की काय होते, याचे उदाहरण हाफकिन यांच्या जन्मभूमीतच घडले. सोव्हिएत संघ कोसळला, लसीकरणाची घडी विस्कटली आणि १९९० च्या दशकात ओडेसासह त्या सगळ्या प्रदेशात घटसर्पाचे सुमारे दीड लाख रुग्ण झाले. ४ हजारांहून अधिक माणसे गेली. रुग्णांत प्रौढांची संख्या मोठी होती, कारण लहानपणीची लस केव्हाच उतरली होती. भारतातही रुग्णांचे वय सरकले आहे. पूर्वी पाच वर्षांखालची मुले जास्त सापडत, आता शाळकरी मुले आणि किशोरवयीनही सापडतात.

सरकारी वेळापत्रकात बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस मिळते. पाच रोगांवरच्या या लशीत घटसर्पही आला. मग १६ ते २४ महिन्यांत डीपीटीचा पहिला बूस्टर, ५ ते ६ वर्षांत दुसरा. त्यानंतर १० आणि १६ व्या वर्षी टीडी, आणि गरोदरपणात पुन्हा टीडी. टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींवरची लस. पूर्वी नुसते टीटी मिळायचे, त्याची जागा आता टीडीने घेतली आहे, तरी बोलताना बरेच जण अजून टीटीच म्हणतात. खरचटल्यावर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला धावणाऱ्या घरात दहावीतल्या मुलाची टीडी राहिलेली असते, ती यामुळेच. त्या वयात ताप-खोकल्याशिवाय मूल दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि शाळेत लसीकरण झाले त्या दिवशी ते गैरहजर असेल तर नंतर कोणी विचारत नाही.

कामासाठी गाव सोडून आलेल्या, भाड्याची खोली दरवर्षी बदलणाऱ्या कुटुंबांत तर लसीकरणाचे कार्ड एका ठिकाणी आणि मूल दुसऱ्या ठिकाणी असते. मध्ये एखादा डोस चुकला तर सगळे पहिल्यापासून करावे लागत नाही, जिथे थांबले तिथून पुढे चालू होते. डीपीटी सात वर्षांपर्यंत देता येते, त्यानंतर टीडी. कार्ड हरवले असले तरी मुलाला घेऊन नगरपालिकेच्या आरोग्य केंद्रात जावे किंवा वस्तीतल्या आशाताईंना विचारावे. सरकारी केंद्रात या सगळ्या लशी मोफत आहेत. आणि ताप, घसादुखी असलेल्या मुलाच्या घशात पांढरट-राखाडी पापुद्रा दिसला, मान सुजली किंवा श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर मेडिकलमधून गोळ्या आणून वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, आणि मुलाचे कोणते डोस राहिले आहेत ते डॉक्टरांना सांगावे. घरातल्या इतरांनाही तपासून औषध आणि लस द्यावी लागते.