आजन्म विद्यार्थी : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

स्मरणिकेसाठी एखादा चरित्रपर लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आमची नजर सहजच टेबलावरच्या एका जीर्ण पुस्तकाकडे वळली. ते पुस्तक म्हणजे डॉ. भांडारकरांची ‘मार्गोपदेशिका’. केंद्र सरकारच्या नोकरीत जेथे जेथे आमची बदली झाली, तेथे तेथे हे पुस्तक आमच्याबरोबर गेले. एकदा सामानाच्या ट्रकमध्ये ते पावसात भिजले, एकदा त्याचे मुखपृष्ठ गेले. काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयातील एक केरळीय सहकारी घरी आले असता त्यांनी ते उचलले आणि कौतुकाने चाळले. त्यांचेही संस्कृत याच पुस्तकावर झाले होते. मात्र हे भांडारकर आपल्या कोकणातले, हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक नसल्याचा राग येण्याचे कारण नाही. आमच्या स्वतःच्या मुलांना तरी त्या नावाची एक संस्था पुण्यात आहे यापलीकडे काय ठाऊक आहे? म्हणून हा लेखनप्रपंच.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे, एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. वडील महसूल खात्यात कारकून. १८४७ मध्ये त्यांची बदली रत्नागिरीस झाली. बदली हा शब्द आपणा नोकरदारांच्या घरात एरवी कपाळावर आठ्या आणतो. परंतु ही बदली मुलाच्या पथ्यावर पडली, कारण जिल्ह्याचे ठाणे असल्यामुळे रत्नागिरीस सरकारी इंग्रजी शाळा होती. तेथील शिक्षण संपवून १८५३ मध्ये रामकृष्ण मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. गणित व पदार्थविज्ञान शिकवावयास तेथे दादाभाई नौरोजी होते. या वेळेपावेतो संस्कृताशी त्यांचा म्हणण्यासारखा संबंध आलेला नव्हता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे ज्यांच्याकडे जर्मन पंडितही आदराने पाहू लागले, त्यांनी ही विद्या पाठशाळेत बसून लहानपणापासून घोकलेली नव्हती.

ते संस्कृताकडे वळले ते शिक्षणखात्याचे तत्कालीन संचालक हॉवर्ड यांच्या सूचनेवरून. भांडारकर त्या वेळी ‘दक्षिणा फेलो’ होते. या दक्षिणेची कथा मोठी मनोरंजक आहे. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी हा खर्च एकदम बंद केला नाही. त्यातून १८२१ मध्ये पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली, आणि याच पाठशाळेचे पुढे पूना कॉलेज व त्यानंतर डेक्कन कॉलेज झाले. दक्षिणेच्या रकमेतून तरुण विद्यार्थ्यांस फेलोशिप मिळू लागली. म्हणजे रमण्यात वाटला जाणारा पेशव्यांचा पैसा फिरत फिरत एका कारकुनाच्या मुलाच्या शिक्षणास उपयोगी पडला. या फेलोशिपवर भांडारकर पुण्यास गेले आणि विशी उलटल्यावर शास्त्रीमंडळींसमोर बसून व्याकरण व न्याय शिकू लागले.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले होते. त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत भांडारकर होते. १८६२ मध्ये बी. ए. ची पहिली तुकडी बाहेर पडली. महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक व भांडारकर. पुढील वर्षी ते एम. ए. झाले. त्यानंतर काही काळ ते सिंध हैदराबाद येथे व मग रत्नागिरीस मुख्याध्यापक होते. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यातच मोडत असे. तरीही कोकणातल्या माणसाने सिंधच्या वाळूत जाऊन शाळा चालवावयाची म्हणजे काय, हे आपल्या मंडळाच्या सभासदांस आम्ही सांगावयास नको.

विद्यापीठात संस्कृत हा अभ्यासविषय झाला खरा, पण तो शिकवावयाचा कसा? पाठशाळेची रीत अशी की, आधी रूपावली, मग अमरकोश, मग कौमुदी, आणि अर्थ समजण्यास आरंभ होईतो कित्येक वर्षे सरावीत. महाविद्यालयातील मुलाजवळ एवढा अवकाश कोठला? त्याला त्याच वेळी इंग्रजी, गणित, इतिहास हेही पुरे करावयाचे. भांडारकरांनी १८६० नंतरच्या दशकात ‘मार्गोपदेशिका’ आणि तिच्या पाठोपाठ ‘संस्कृतमंदिरांतःप्रवेशिका’ ही दोन पुस्तके लिहून ही अडचण सोडविली. प्रत्येक पाठात थोडासा नियम, थोडे शब्द, आणि लगेच भाषांतरासाठी वाक्ये. संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात. विद्यार्थी पहिल्या दिवसापासून भाषा वापरू लागतो. आम्ही स्वतः बी. ए. ला संस्कृत घेतले, तेव्हा ‘हे घेऊन पुढे काय करणार?’ हा प्रश्न घरीदारी ऐकून घेतला होता. त्या दिवसांत या पुस्तकातील इंग्रजी वाक्ये संस्कृतात उतरविताना जो आनंद मिळे, तेवढेच आमचे उत्तर होते.

परंतु भांडारकरांचे खरे मोठेपण पाठ्यपुस्तकांत नाही. विद्यापीठात प्राचीन काळाचा अभ्यास करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, हे त्यांनी दाखवून दिले. एकच उदाहरण देतो. पतंजलीचे महाभाष्य शास्त्रीमंडळी पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत आली होती, पण व्याकरण म्हणून. वर्तमानकाळ केव्हा वापरावा, या चर्चेत पतंजली आरंभ झालेल्या पण न संपलेल्या क्रियेचे उदाहरण देतो, ते पुष्यमित्रासाठी चाललेल्या यज्ञाचे. दुसऱ्या एका ठिकाणी बोलणाऱ्याच्या हयातीत घडलेल्या गोष्टीसाठी कोणता भूतकाळ वापरावा हे सांगताना यवनाने साकेताला घातलेल्या वेढ्याचे उदाहरण येते. भांडारकरांनी १८७२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त असा युक्तिवाद मांडला की, ज्या अर्थी यज्ञ चालू आहे असे व्याकरणकार म्हणतो, त्या अर्थी तो शुंग राजा पुष्यमित्राचा समकालीन असला पाहिजे, म्हणजे पतंजलीचा काळ इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक ठरतो. बर्लिनचे विख्यात पंडित वेबर यांना हे मान्य नव्हते. दोघांत बराच वाद झाला. पस्तिशीतला हा मुंबईकर मागे हटला नाही, आणि त्याने आवाजही चढविला नाही. व्याकरणाच्या उदाहरणात इतिहास दडलेला असतो, हे शास्त्र्यांना सुचले नव्हते. महाभाष्याच्या आतल्या वाटा युरोपीय पंडितांना तितक्या परिचित नव्हत्या. भांडारकर दोघांकडे शिकले होते.

आता एक अप्रिय प्रसंग. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रा. ब्यूलर यांच्यानंतर भांडारकर संस्कृतच्या प्राध्यापकपदाचे काम हंगामी म्हणून पाहत होते. काम उत्तम चालले होते. १८७३ मध्ये त्या जागेवर विलायतेहून पीटर पीटरसन यांची नेमणूक झाली आणि भांडारकर दुय्यम जागेवर राहिले. संस्कृत शिकविण्यासाठी, संस्कृताच्या देशात, असा प्रकार! सरकारी नोकरीत डावलले जाणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच कळते. आमच्यावर एकदा, फार लहान प्रमाणात, तो प्रसंग आला होता, तेव्हा महिनाभर आम्ही घरी कोणाशी धड बोललो नव्हतो. भांडारकरांनी काय केले? ते शिकवीत राहिले. १८७६ मध्ये त्यांनी भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’ची आवृत्ती काढली, १८७७ मध्ये विल्सन व्याख्यानमालेत संस्कृतापासून पाली, प्राकृत व आजच्या देशी भाषांपर्यंतचा प्रवास उलगडून दाखविला, आणि पुढे त्याच पीटरसन यांच्या जोडीने सरकारच्या हस्तलिखित-संशोधनाचे काम वाटून घेतले. या काळात त्यांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना वाचकांनी आपापल्या अनुभवावरून करावी.

१८८२ मध्ये प्रा. कीलहॉर्न जर्मनीस परत गेल्यावर डेक्कन कॉलेजातील जागा त्यांना मिळाली आणि ते पुण्यास आले. तेथील अकरा वर्षे फलदायी ठरली. १८८४ मध्ये त्यांचा दख्खनचा प्राचीन इतिहास प्रसिद्ध झाला. सातवाहनांपासून देवगिरीच्या यादवांपर्यंतची राजघराणी शिलालेख, ताम्रपट, नाणी व ग्रंथ यांच्या आधारे त्यांनी काळाच्या क्रमाने लावून दाखविली. शिवकालापूर्वी आपल्या प्रदेशाला इतिहास होता, हे सामान्य मराठी वाचकाला प्रथम या ग्रंथाने कळले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १८८५ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८८६ मध्ये प्राच्यविद्या परिषदेसाठी ते समुद्र ओलांडून व्हिएन्नास गेले.

ज्ञानाची खरी कसोटी घरात लागते. भांडारकर प्रार्थना समाजाचे होते. त्यांची एक मुलगी लहान वयात विधवा झाली होती. लोकनिंदेची पर्वा न करता १८९१ मध्ये त्यांनी तिचा पुनर्विवाह करून दिला. त्याच वर्षी संमतिवयाच्या विधेयकाने सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. विधेयक धर्मशास्त्राविरुद्ध आहे, असे म्हणणाऱ्यांच्या पक्षात लोकमान्य टिळकांसारखा संस्कृतज्ञ होता. भांडारकरांनी गृह्यसूत्रे व स्मृती यांतील वचने तपासून विवाहाच्या वयावर एक टिपण लिहिले आणि सुधारणेची बाजू घेतली. लोकप्रियता साहजिकच विरोधकांच्या वाट्यास आली. आम्हाला टिळकांविषयी नितांत आदर आहे. तरीही या एका वादात भांडारकरांचा पुरावा अधिक वजनदार होता, असे आमचे मत आहे.

पुढील सन्मान थोडक्यात सांगतो. १८९३ मध्ये सेवानिवृत्ती, आणि लगोलग दोन वर्षे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीत ते बसले होते, त्याच विद्यापीठाचे. १९११ मध्ये ‘सर’ ही पदवी. १९१३ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, वैष्णव व शैव संप्रदायांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, शिष्यांनी व चाहत्यांनी पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना केली. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेला दिला आणि पुढच्याच वर्षी सरकारने १८६६ पासून जमविलेली हजारो हस्तलिखिते तेथे ठेवावयास दिली. त्यांतील अनेक खुद्द भांडारकरांनी शोधून आणलेली होती.

त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनीही वडिलांचीच वाट धरली. पुरातत्त्व खात्यात उत्खननाचे काम केल्यावर १९१७ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक झाले, आणि १९३६ पर्यंत तेथेच राहिले. बंगालच्या मुलांना अशोक आणि मौर्य शिकविणारा हा मराठी प्राध्यापक आपल्यासारखाच घरापासून दूर राहत होता.

१९१९ मध्ये पुण्यास अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्षपद ब्याऐंशी वर्षांच्या भांडारकरांकडे होते. त्याच वर्षी संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. ठिकठिकाणच्या हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहावयाचे, आणि कोणता पाठ जुना, कोणता मागाहून घुसलेला, हे पुराव्याने ठरवावयाचे. भांडारकरांनी आयुष्यभर शिकविलेली हीच पद्धत होती. हे काम १९६६ मध्ये पुरे झाले. आरंभ करून देणारे वृद्ध गुरुजी २४ ऑगस्ट १९२५ रोजी पुण्यास निवर्तले, तेव्हा पहिला खंडही बांधून झालेला नव्हता.