मुळशीचं पाणी आणि सेनापती बापट

पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे निघालात की उजव्या-डाव्या हाताला मुळशीचं तळं लागतं. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी तिथं गाड्यांची रीघ असते. काठाला हॉटेलं, कणसं भाजणारे, फोटो काढणारी पोरं. मजा करायला हरकत काहीच नाही. पण त्या पाण्याखाली आंबेमोहराची खाचरं आहेत, आणि ती वाचवायला एक माणूस सात वर्षं तुरुंगात गेला, हे आपणांस ठाऊक असावं.

पांडुरंग महादेव बापट 12 नोव्हेंबर 1880 रोजी पारनेरला जन्मले. हुशार इतके, की शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. तिथं शिक्षण सुटलं, पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या शिकून आले. पुढं पारनेरात हाती झाडू घेऊन रस्ते झाडले. म्हणजे यंत्र न कळणारा किंवा सुधारणेला भिणारा हा गडी नव्हता.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटा कंपनीनं मुळा-निळेच्या संगमाजवळ धरण धरलं. पाणी पूर्वेला भीमेकडे जायचं, ते उलटं वळवून घाटाखाली भिऱ्याला सुमारे 500 मीटर पाडायचं, अशी योजना. पन्नासच्या वर गावं जाणार होती. जमीन 1894 च्या भूसंपादन कायद्यानं घेतली जात होती. 1921 च्या रामनवमीला मावळे कामावर जाऊन बसले. बायाबापड्याही होत्या. विनायकराव भुस्कुटे आणि बापट पुढारी.

आता तलाठी-ग्रामसेवक मंडळींनी नीट वाचावं, अशी गोष्ट. लढा फुटला तो पैशावर. कित्येक जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या. त्यांना रोख मोबदला परवडत होता, नव्हे, हवाच होता. कसणाऱ्याचं पोट त्या रकमेत बसत नव्हतं, आणि बऱ्याच जणांच्या नावे तर उताऱ्यावर काहीच नव्हतं. नाव कोणाचं, एवढंच सरकारनं पाहिलं.

बापट वारंवार तुरुंगात गेले. शेवटी 1924 साली त्यांनी कामाच्या रुळांवर दगड रचले आणि तलवार-पिस्तूल घेऊन आगगाडी अडवली. अहिंसेच्या सत्याग्रहाला हे सोडूनच झालं, माझ्या मते त्यानं लोकांचा पाठिंबा वाढला नाही, घटला. सात वर्षांची शिक्षा लागली. सेनापती हे नाव मात्र मुळशीनंच दिलं.

ते आत असतानाच 1927 साली भिऱ्याची वीज सुरू झाली. सुटून आल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. 15 ऑगस्ट 1947 ला पुण्यात त्यांनी तिरंगा फडकवला, पुढं गोवा आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. 28 नोव्हेंबर 1967 ला ते वारले. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. मुळशीचं पाणी मात्र अजून घाटाखालीच जातं.