घोड्याची लीद चाळणारी कॅरोलिन

कॅरोलिन हर्शेल १७५० साली जर्मनीतल्या हॅनोव्हरला जन्मली. दहाव्या वर्षी टायफस झाला आणि उंची सव्वाचार फुटांवरच थांबली. आईने तिला घरकामालाच जुंपलं. १७७२ मध्ये थोरला भाऊ विल्यम तिला इंग्लंडला बाथ गावी घेऊन गेला, तेही आईला मोलकरीण ठेवायला पैसे देऊन!

विल्यम संगीतकार, पण वेड दुर्बिणीचं. तांबं-कथील वितळवून तो घरीच आरसे ओतायचा. साच्यासाठी लागणारी घोड्याची लीद खलात कुटून चाळायचं काम हिचं. (आपल्याला शेणाची सवय, पण लीद?) आरसा घासताना मध्येच थांबलं की आकार बिघडणार, म्हणून एकदा त्याने सोळा तास हात काढला नाही. हिने घास भरवले. १७८१ मध्ये साचा गळला, तापलेला धातू फरशीवर सांडला, फरशा तडतडून उडाल्या आणि सगळे जीव घेऊन पळाले.

पुढे तिने स्वतः दुर्बीण हाती घेतली. १ ऑगस्ट १७८६ ला पहिला धूमकेतू, १७९७ पर्यंत एकूण आठ. १७८७ पासून राजाने वर्षाला पन्नास पौंड पगार लावला.

१७८८ मध्ये विल्यमचं लग्न झालं. घराचा कारभार सोडून ती भाड्याच्या जागेत राहायला गेली. त्या वर्षांच्या रोजनिशा तिने नंतर स्वतःच नष्ट केल्या. का, ते दुसऱ्याचं घर सांभाळलेल्या बाईला सांगायला नको.

१८२२ मध्ये भाऊ गेल्यावर ती हॅनोव्हरला परतली. सत्तरी ओलांडल्यावर तिने त्याच्या अडीच हजार तेजोमेघांची यादी नव्याने लावली. १८२८ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिलं. १८४८ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी ती गेली.